बोअर आहेच, मग त्यातूनच गारवा का नको?

पत्र: आम्ही यावल तालुक्यातले, केळीवाले. वडिलोपार्जित धाब्याचं घर पाडून त्याच जागी नवं बांधतोय, खाली तीन खोल्या, वर दोन. मुलगा सात वर्षांपासून स्वीडनमध्ये आहे. त्याच्या घराला बोअरमधल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप आहे. बाहेर बर्फ असतो, पण घर उबदार आणि बिल कमी. तो म्हणतो, बाबा, आपल्या मळ्यात बोअर आहेच, इथेही तेच बसवा; उन्हाळ्यात घर गार राहील, हिवाळ्यात अंघोळीचं पाणी तापेल. जळगावचा डीलर म्हणतो, जमिनीचं खूळ सोडा, हवेवरचा घ्या. मिसेसला दम्याचा त्रास आहे, पावसाळी कूलरची ओल सोसत नाही. बोअरला पाणी आता साडेतीनशे फुटांवर गेलंय. कुणाचं ऐकू? मुलाचं की डीलरचं?

भाऊ, नमस्कार.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वहिनींना शेवटपर्यंत वाचत बसायला नको. तुमच्या घराला हवेवरचाच घ्या. पण डीलरने ज्याला खूळ म्हटलं ते खूळ नाही. मुलाचा हिशोब त्याच्या गावात चोख बसतो. फक्त ते गाव यावल नाही.

हीट पंप म्हणजे नवं काही नाही. फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतो. आतली उष्णता उचलून मागे टाकणारी ती मोटर. एसी तेच करतो, खोलीतली उष्णता उचलून गच्चीवरच्या आउटडोअरमधून बाहेर फेकतो. म्हणजे तुम्ही ज्याला एसी म्हणता तोच हवेवरचा हीट पंप. ज्या एसीवर ‘हॉट अँड कोल्ड’ लिहिलेलं असतं तो उलटाही चालतो, बाहेरची उष्णता आत आणतो. जमिनीवरचा पंप हेच काम करतो, फक्त उष्णता टाकायला किंवा उचलायला हवेऐवजी जमीन वापरतो. बोअरमध्ये प्लास्टिकच्या पाइपाचा यू आकाराचा लूप सोडतात, त्यात पाणी फिरतं, आणि खडकाशी देवाणघेवाण होते.

(उनपदेवच्या गरम झऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. अडावदकडच्या एकाने मला विचारलं होतं, आमच्याकडे जमिनीत उष्णता आहेच, मग मशीन फुकटात चालेल ना? पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या गरम पाण्याची गोष्ट वेगळी. आपण बोलतोय ते साध्या, थंड जमिनीबद्दल.)

आता तुम्हाला रोजच्या वापरातली गोष्ट सांगतो: हेड. पाणी शंभर फुटांवरून काढायचं तर एक मोटर, साडेतीनशेवरून काढायचं तर जास्त एचपी, जास्त स्टेज आणि जास्त युनिट. हीट पंपालाही हेड असतं, फक्त ते फुटांत नाही, अंशांत. उष्णता किती अंशांवरून उचलून किती अंशांवर नेऊन टाकायची, त्यातलं अंतर म्हणजे हेड. अंतर वाढलं की कॉम्प्रेसर दमतो आणि मीटर पळतं.

मुलाच्या गावी जानेवारीत बाहेर उणे 15 असतं असं धरू. तिथे हवेतून उष्णता ओढायची तर बाहेरची कॉइल उणे 22 पर्यंत थंड ठेवावी लागते, आणि घरात फरशीखाली 40 अंशांचं पाणी फिरवायचं. हेड झालं 62. वर त्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन अधूनमधून उलटं चालवावं लागतं, तो खर्च वेगळा. बोअरमधून उचललं तर कॉइल उणे 4 वर भागते. हेड 44. म्हणजे कडाक्याच्या थंडीत जवळपास तीस टक्के कमी, आणि घर तापवायचं काम तिथे ऑक्टोबर ते एप्रिल, दिवसरात्र चालतं. मग बोअर मारण्याचे पैसे का नाही वसूल होणार? खनिज तेलाच्या महागाईने 1970 च्या दशकात पोळल्यावर त्या देशाने हा मार्ग धरला, आणि आज तिथे साध्या घरांनाही दीडशे-दोनशे मीटरचं बोअर असतं. ‘बॅर्यवॅर्मे’ म्हणतात त्याला, खडकातली ऊब.

आता यावलचा मे घ्या. बाहेर 44. एसीची बाहेरची कॉइल 55 पर्यंत तापते, आतली 10 वर. हेड 45. जमिनीवर टाकलं तर? विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पाणी तेच असतं, आपलं अंग बदललेलं असतं. थर्मामीटर सोडून बघा, मे आणि डिसेंबर दोन्ही वेळी 27-28 च्या आसपास दाखवेल, कारण वीस-तीस फुटांखाली जमीन वर्षभराच्या सरासरी हवेएवढी होऊन बसते. त्या जमिनीत उष्णता टाकायची तर लूपचं पाणी 33 आणि मशीनची कॉइल 40. हेड 30. इथेही तिसरा हिस्सा वाचला! म्हणून म्हटलं, मुलगा चुकत नाही.

घोडं अडतं ते पुढे. ही बचत किती दिवस मिळते? मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, धरा शंभर दिवस. पाऊस पडला की बाहेरची हवाच 28-30 वर येते, आणि तुमचा लूप तोपर्यंत तापून 33 वर बसलेला असतो. त्या दिवसांत हवेवरचाच स्वस्त पडतो. दिवाळीनंतर एसी बंद. घर तापवायचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. पहाटे दहा अंश होतात, शेकोटी पेटते, नऊ वाजता स्वेटर निघतो. यासाठी कोण मशीन लावतं?

रुपयांत बघू. दीड टनाचे दोन एसी, रोज आठ तास, तासाला सरासरी एकेक युनिट. दिवसाला 16 युनिट, शंभर दिवसांत 1,600. त्यातला तिसरा हिस्सा वाचला तर पाचशेच्या वर थोडं. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला पाच हजार. आता बोअर बघा. एका टनाला ढोबळमानाने 200 ते 300 फूट लूप लागतो, तीन टनांना 600 ते 900 फूट. तुमच्याकडे बोअरच्या गाडीचा फुटाला जो भाव चालला असेल त्याने गुणा. त्यात केसिंग धरा, कारण सातपुड्याच्या पायथ्याची गोटा-वाळू केसिंगशिवाय उभी राहत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात पाइप, बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा) भराव, पाणी फिरवायचा पंप (तोही वीज खातो) आणि आपल्याकडे सहज न मिळणारं मशीन धरा. ते बिघडलं की मेकॅनिक पुण्या-मुंबईहून येणार, आणि तो नेमका मेमध्ये मोकळा नसणार.

तुम्ही म्हणाल, बोअर तर आहेच. आहे, पण त्यात मोटर आहे, कॉलम आहे, केबल आहे. त्याच भोकात लूप सोडला आणि उद्या मोटर काढायची वेळ आली तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा.

दुसरा मार्ग, लूप नको, बोअरचं पाणीच उपसून मशीनमधून काढायचं. हा कागदावर फार देखणा दिसतो, म्हणून जरा खोलात जातो. तीन टनांना तासाला साधारण दोन हजार लिटर पाणी लागतं, ते पाच-सहा अंश तापून बाहेर पडतं. आठ तासांचं सोळा हजार लिटर. उन्हाळ्यात झाडामागे पंधरा-वीस लिटर धरलं तर ही आठशे-हजार केळीची दिवसाची तहान झाली. आणि ते साडेतीनशे फुटांवरून वर आणायला, मोटरची झीज-गळती धरून, रोज दहाएक युनिट जातील. एसीवर वाचणार पाच. म्हणजे पाच वाचवायला दहा घालवायचे, वर पाणी वाया. यावल-रावेरचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी कागदांतही बदनाम आहे, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची?

बागेला जाणारं पाणीच ड्रिपच्या आधी मशीनमधून फिरवलं तर? हा विचार मीही केलेला आहे. अडचण वेळेची. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, आणि गारवा पाहिजे दुपारी दोनला आणि रात्री अकराला. दोन घड्याळं जुळत नाहीत. शेतीच्या जोडावर घरचा एसी चालवायचं तर मनातही आणू नका.

तरीही एक गोष्ट मुलाला मुद्दाम कळवा, कारण तो इंजिनियर डोक्याचा दिसतो आणि त्याला ती पटेल. त्याच्याकडे जमिनीचं खातं दोन्ही बाजूंनी चालतं. हिवाळ्यात उष्णता काढली, उन्हाळ्यात सूर्याने आणि आजूबाजूच्या खडकाने ती परत भरली. आपल्याकडे नुसती जमा. दर उन्हाळ्यात उष्णता ओतायची आणि ती कधीच काढायची नाही. हिवाळ्यातलं अंघोळीचं पाणी तापवून निघेल ती चिमूटभर. बोअरभोवतालची जमीन वर्षागणिक तापत जाते, आज 28 असलेली उद्या 30, मग 31, आणि ज्या फरकासाठी पैसे घातले तो फरकच झिजतो. त्यात तिकडचा खडक ग्रॅनाइटचा, उष्णता भराभर वाहून नेणारा, आणि बोअर वरपर्यंत पाण्याने भरलेलं. आपल्या काळ्या पाषाणातून उष्णता त्याच्या निम्म्याने जाते. आणि तुमच्याकडे तर पाषाण खूप खाली, वर तापीचा गाळ, तोही साडेतीनशे फुटांपर्यंत कोरडा. कोरडी माती म्हणजे उष्णतेला गोधडी.

गोधडीचा अनुभव मी स्वतः घेतलाय, हसू नका. गारव्याच्या धंद्यात तीस वर्षं काढली, कोल्ड स्टोरेज आणि रायपनिंग चेंबर (फळं पिकवायच्या खोल्या) यांत, आणि तरी 2016 साली पारोळ्याकडच्या शेतातल्या खोलीला जमिनीखालून हवा आणायचा बेत केला. एका ठेकेदाराने पटवलं, मीही पटलो. सात फूट चर, सहा इंची पाइप, शंभर फूट लांब, तोंडाला पंखा. मार्चमध्ये पाहुण्यांना बोलावून दाखवत होतो. एप्रिल बरा गेला. मेमध्ये काळ्या जमिनीला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या, आणि खालची मातीही आकसून पाइपापासून सुटायला लागली. सकाळी अकराला गार हवा यायची, तीन वाजता तीच हवा कढत. आजूबाजूची माती दुपारपर्यंत तापून जायची आणि उष्णता पुढे सरकायचीच नाही. जुलैत पाइपात पाणी शिरलं, मग बेडूक, मग कुबट वास. वहिनींच्या दम्याला असला वास म्हणजे विचारायलाच नको. आता त्या पाइपाच्या तोंडावर मी दगड ठेवलाय.

जमिनीवरचा पंप खानदेशात कुठेच नको, असं मात्र नाही. केळी पिकवायचं चेंबर बारा महिने सोळा-अठरा अंशांवर ठेवावं लागतं, वीसपंचवीस टन मशीन रात्रंदिवस फिरतं. तिथे नदीकाठी बारमाही, उथळ पाण्याची विहीर असेल तर हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. घरातल्या दोन बेडरूमला नाही.

आता डीलरकडे वळू. तो हवेवरचा विकतो, ठीक, पण त्याला दोन प्रश्न विचारा. एसीवर लिहिलेले टन बाहेर 35 अंश असताना मोजलेले असतात. वीजबचतीच्या पट्टीवरचे तारे ठरवायचं गणितही 24 ते 43 अंशांच्या हवेवर बेतलेलं आहे. आपला मे त्याच्या वर जातो. 46 ला हे मशीन किती टन देतं, ते कंपनीच्या तक्त्यात दाखव म्हणा. दाखवता आलं नाही तर दुसरं दुकान. दुसरा प्रश्न आउटडोअर कुठे टांगणार याचा. नव्वद टक्के लोक गच्चीवर, तापलेल्या स्लॅबवर ठेवतात. तिथली हवा 44 नसते, पन्नासच्या वर जाते, म्हणजे आपणच हेड वाढवून घेतलं. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, सावलीत, चारी बाजूंनी वारा खेळेल असा लावा. चोरीच्या भीतीने पत्र्याच्या पेटीत कोंडू नका. वावटळीची धूळ कॉइलवर बसते, एप्रिलअखेर एकदा साध्या पाण्याने धुऊन घ्या. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी, वहिनींसाठी तर आठवड्याला.

आणि कूलर मोडीत काढू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओसरीवर बसायला कूलरसारखं स्वस्त काही नाही. ओलीचा त्रास पहिल्या पावसानंतरचा. तेव्हापासून एसी.

गरम पाण्याचं थोडक्यात. हवेवरचे पाणी तापवणारे हीट पंप चांगले असतात, दोनशे लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला गिझरला सहाच्या आसपास युनिट लागतात तिथे यांना दोनच्या आत भागतं, आणि आपल्या हवेत ते मजेत चालतात. पण घरात दोन माणसं. चार बादल्यांसाठी एवढं मशीन कशाला? शंभर लिटरचा सोलर बंब लावा, ढगाळ दिवसांसाठी छोटा गिझर. बोअरचं पाणी जड असेल तर बंबात क्षार धरतो, तो अधूनमधून साफ करून घ्या. आणि टाकीत अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजून तिला वाचवणारी कांडी) आहे का ते बघून घ्या आणि दोन वर्षांनी बदला.

बोअरचे वाचलेले पैसे गच्चीवर घाला. तीन किलोवॅट सोलरला फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांचं अनुदान आहे. उरलेल्या गच्चीला चिनी मोझेक (पांढऱ्या फरशीचे तुकडे) किंवा निदान दर मार्चला चुन्याचा जाड हात. पश्चिमेची भिंत उघडी ठेवू नका, तिकडे जिना, न्हाणी, कोठी, काहीही आणा, पण झोपायची खोली नको.

आता जे विचारलं नाहीत ते बोलतो, रागावू नका. धाब्याचं घर पाडताय असं लिहिलंत. सगळं पाडायची गरज आहे का? दोन हात जाड मातीची भिंत, वर सागाच्या कड्या आणि दर पावसाळ्याआधी टाकलेली खारी माती. अशा माजघरात मेच्या दुपारी पाय ठेवला की अंगावर गारवा उतरतो, हे तुम्हाला आठवत असेल. दिवसाचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र होते. मुलाला जमिनीची ऊब-गारवा वापरायचा आहे ना, तो तुमच्या आजोबांनी वापरून ठेवलाय. कड्यांना वाळवी नसेल तर मागचं माजघर तसंच ठेवा, नवं घर त्याच्या पुढे जोडा. वहिनींची दुपारची झोप तिथे होईल आणि एक एसी दुपारी बंद राहील. घर बांधणारा इंजिनियर नाही म्हणेल, जुनं-नवं जोडताना भेग पडते म्हणेल. त्याला सांगा, मध्ये दोन इंच फट सोड आणि वर पत्र्याची पन्हाळ घाल.

एक काम मात्र या आठवड्यातच करा, विटांचं काम खिडकीपर्यंत आलं असेल तर आजच. जिथे जिथे एसी लागणार त्या भिंतीत तीन इंची पाइपाचा तुकडा आत्ताच बसवून घ्या, बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार देऊन. नाहीतर प्लास्टर, रंग, वास्तुशांत सगळं झाल्यावर डीलरचा पोऱ्या ड्रिल घेऊन येतो, भोक उलट्या उताराचं पाडतो, आणि एसीचं पाणी बाहेर न जाता वहिनींच्या कपाटावर टपकत बसतं.